तेराव्या दिवशी फिल्टर चोक का झाला? परफ्युजन कल्चरबद्दल एक लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच सांगता येईल. गोव्यात फोंड्याजवळच्या एका छोट्या कंपनीत तुम्ही आहात. पाच लिटरचा काचेचा बायोरिॲक्टर, सीएचओ पेशींचा (हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या, औषधी प्रथिने बनवणाऱ्या) क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढवलेला वाण, प्रथिन म्हणजे साधी अँटिबॉडी. फेड-बॅचमध्ये, म्हणजे मधूनमधून खुराक देत शेवटी सगळे एकदम काढायच्या पद्धतीत, चौदा दिवसांत लिटरला ३ ग्रॅम मिळत होते आणि सगळे सुखात होते. मग साहेबांनी कुठल्याशा परिषदेत ‘कंटिन्युअस’ हा शब्द ऐकला आणि परफ्युजनसाठी, म्हणजे पेशी आत ठेवून मीडियम (पेशींचे अन्नद्रव) सतत बदलत राहण्यासाठी, एटीएफ यंत्र (कल्चर फिल्टरमध्ये ढकलून परत ओढणारे) व होलो फायबर (बारीक पोकळ नळ्यांचा) फिल्टर घेऊन दिला. तुम्ही तिसऱ्या दिवसापासून १ व्हीव्हीडीने, म्हणजे रिॲक्टरमध्ये जेवढे कल्चर तेवढे ताजे मीडियम रोज, असा प्रवाह सुरू केला. दहाव्या दिवशी मिलिलिटरला ६५ मिलियन पेशी. पेढे वाटायचेच बाकी होते. अकराव्या दिवसापासून व्हायबिलिटी, म्हणजे शंभरातल्या जिवंत पेशी, घसरली, ९४ वरून तेराव्या दिवशी ७१ वर आली, त्याच दिवशी फिल्टर चोक झाला आणि रन बंद करावा लागला. साहेब म्हणतात प्रवाह दुप्पट करा. फिल्टर विकणारा म्हणतो मोठा फिल्टर घ्या. दोघांतले कोण बरोबर, असे तुम्ही विचारता.

माझ्या मते दोघेही नाहीत. फिल्टर मेला तो पेशी मेल्या म्हणून, आणि पेशी मेल्या त्या उपाशी राहिल्या म्हणून. तुमची सगळी हकीकत मी दोनदा वाचली. त्यात मीडियम आहे, पीएच आहे, फिल्टरचा दाब आहे. ‘ब्लीड’ हा शब्द एकदाही नाही. तेरा दिवसांत तुम्ही सॅम्पलपुरत्या सोडून रिॲक्टरमधून पेशी बाहेर काढल्याच नाहीत. खरा प्रश्न तिथे आहे.

एक साधा हिशेब करून पाहा. १ व्हीव्हीडी म्हणजे प्रत्येक मिलिलिटर कल्चरला दिवसाकाठी एक मिलिलिटर ताजे मीडियम. २० मिलियन पेशी होत्या तेव्हा एकेकीच्या वाट्याला दिवसाला ५० पीकोलिटर (मिलिलिटरच्या अब्जाव्या भागाला पीकोलिटर म्हणतात) येत होते, म्हणजे चंगळ. ४० मिलियनला ते २५ झाले. ६५ मिलियनला जेमतेम १५. तुम्ही लिहिता की प्रवाह शेवटपर्यंत स्थिर ठेवला होता. होता, पण घरात रोज पाहुणे वाढत जावेत आणि भाताचा टोप तेवढाच राहावा, अशी ती स्थिरता. पेशीमागे मिळणाऱ्या या वाट्याला सीएसपीआर (सेल-स्पेसिफिक परफ्युजन रेट) म्हणतात, आणि परफ्युजनमध्ये सगळ्यात आधी बघायचा आकडा हाच. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक सीएचओ क्लोनना तो २० ते ४० पीकोलिटरच्या दरम्यान लागला. घट्ट, परफ्युजनसाठीच बनवलेले मीडियम असेल तर कमी, फेड-बॅचचे मूळ मीडियमच वापरत असाल तर जास्त. तुमच्या क्लोनला नेमका किती लागतो हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तो कसा काढायचा ते पुढे सांगतो.

आता साहेबांचा उपाय बघू. दहाव्या दिवशी प्रवाह दुप्पट केला असता तर वाटा १५ चा ३० झाला असता. पण पेशीही दुप्पट होतच होत्या. म्हणजे तुम्ही फार तर दोन दिवस विकत घेतले असते, तेही दुप्पट मीडियम ओतून. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच पेच.

तुम्ही इथलेच, म्हणून खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीचे, उदाहरण देतो. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून भरतीचे पाणी लागेल तेवढे आत घेतात, ओहोटीला सोडतात, आणि तोंडाशी जाळे असते म्हणून मासळी पाण्याबरोबर निसटत नाही. परफ्युजन हेच आहे: पाणी बदलते, जीव आत राहतो. एटीएफचा पडदा तर अक्षरशः भरती-ओहोटी करतो. कल्चर फायबरमध्ये ढकलतो, परत ओढतो, आणि त्या परतीच्या लाटेने फायबरच्या भिंतीवर साचू पाहणारे निघून जाते. पण मानस लिलावात घेणारा माणूस मासळी काढतो की नाही? काढली नाही आणि ती आत वाढतच राहिली, तर एक दिवस सगळे पाणीच नासेल. तुमच्या रिॲक्टरमध्ये नेमके हे झाले. जाळे चांगले होते, पाणी वाहते होते, मासळी कोणी काढली नाही.

हे मी वरच्या पायरीवरून सांगत नाही. वेर्ण्याला येण्याआधी, दुसऱ्या राज्यात एका ठिकाणी मी पहिला परफ्युजन रन केला तेव्हा ८० मिलियनला पोचलो होतो. काउंटरच्या पडद्याचा फोटो काढून घरी पाठवला. बायकोने विचारले, “एवढ्या पेशींचे करायचे काय?” मी हसलो. चार दिवसांनी रिॲक्टरमधले कल्चर ताकासारखे पांढुरके आणि तारदार झाले होते. पिपेटमधून सोडले तर थेंब तुटत नव्हता, शेंबडासारखी तार निघत होती. ती तार म्हणजे डीएनए. पेशी फुटली की तिचा डीएनए बाहेर येतो, तो लांब आणि चिकट असतो, त्याला पेशींचे तुकडे आणि प्रथिने चिकटतात, आणि हे सगळे फिल्टरच्या छिद्रांवर लिंपले जाते. तुमच्या फिल्टरवर जे बसले ते हेच. मोठा फिल्टर घेतला असता तर तो तेराव्याऐवजी पंधराव्या दिवशी चोक झाला असता. बायकोचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता.

म्हणून माझी पद्धत अशी. रन सुरू करण्याआधी पेशींची संख्या ठरवायची. वाढून वाढून किती होतात ते बघायचे नाही, आपण किती पोसू शकतो ते बघायचे. समजा ५० मिलियन ठरवल्या आणि वाटा ३० पीकोलिटर धरला, तर गुणाकार १.५ व्हीव्हीडी येतो. पाच लिटरला रोज साडेसात लिटर मीडियम. हे जमणार असेल तरच ५० म्हणायचे. नसेल तर ३० म्हणा, त्यात कमीपणा नाही. पेशी वाढत असतील तसतसा प्रवाह त्यांच्यामागून वाढवत न्यायचा, म्हणजे वाटा सुरुवातीपासून एकच राहील, आणि ठरलेल्या संख्येला पोचल्या की ब्लीड सुरू.

ब्लीड म्हणजे रिॲक्टरमधले कल्चर, पेशींसकट, वेगळ्या पंपाने बाहेर काढणे. किती काढायचे? पेशी जितक्या वेगाने वाढतात तितके. वाढीचा दर दिवसाला ०.५ असेल तर रोज अर्धा रिॲक्टर ब्लीडमध्ये जाईल. इथे नवख्याच्या पोटात गोळा येतो, कारण ब्लीडमध्ये पेशींबरोबर प्रथिनही जाते. एकूण १.५ व्हीव्हीडी आत येताना ०.५ ब्लीडमधून गेले तर मालाचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून लोक ब्लीड करायला घाबरतात आणि तुमच्यासारखे अडकतात.

त्यावरचा उपाय ब्लीड टाळणे हा नाही. पेशींची वाढ मंदावायची. ठरलेल्या संख्येला पोचल्यावर मी तापमान ३७ वरून ३३ अंशांवर आणतो. एका दिवसात नाही, दोन टप्प्यांत. बहुतेक क्लोनची वाढ ०.२ च्या आसपास येते, पेशीमागचे उत्पादन टिकते, कधी वाढतेही. काही क्लोन ३३ ला रुसतात आणि प्रथिन बनवणेच कमी करतात. त्यांना ३४ किंवा ३५ वर ठेवावे लागते. पीएच थोडा खाली, ६.९ च्या आसपास घेतला तरी वाढ मंदावते आणि लॅक्टेटही (पेशी बाहेर टाकतात ते आम्ल) कमी बनते. हे क्लोनवर अवलंबून आहे, छोट्या भांड्यात आधी तपासून घ्या. वाढ ०.२ वर आली की ब्लीड रोज एक लिटर, फिल्टरमधून साडेसहा लिटर, आणि ब्लीडमध्ये जाणारा माल १३ टक्के. हा खर्च मी डोळे उघडे ठेवून करतो. ब्लीड सेंट्रिफ्यूज करून त्यातला माल परत मिळवणारेही आहेत. पाच लिटरला ती यातायात करू नका.

याचा दुसरा फायदा पिढ्यांच्या हिशेबात दिसतो. तीस दिवस ०.५ ने वाढत राहिल्या तर पेशींच्या जवळजवळ बावीस पिढ्या होतात. ०.२ ने नऊ. व्हायलमधून (गोठवलेल्या पेशींच्या कुपीतून) काढून सीड ट्रेनमध्ये, म्हणजे लहान भांड्यातून मोठ्या भांड्यात, वाढवताना झालेल्या पिढ्या त्याच्या आधीच्या, वेगळ्या. जनुकाच्या प्रती वाढवून बनवलेले क्लोन पिढ्यागणिक उत्पादन सोडू लागतात, हे सगळ्यांनीच भोगलेले असते. तुमचा क्लोन किती पिढ्यांपर्यंत इमान राखतो हे तपासलेले नसेल तर तीस दिवसांचा रन म्हणजे जुगार.

आता फिल्टरबद्दल. तुम्ही ओझरते लिहिले आहे की फिल्टरबाहेर प्रथिन कमी आणि आत जास्त मिळत होते. बाराव्या दिवशी बाहेर निम्मेच. हे तुम्ही शेवटच्या ओळीत टाकले आहे, खरे तर दाब वाढण्याआधीची सूचना तीच होती. छिद्र ०.२ मायक्रॉनचे, अँटिबॉडी त्यापेक्षा कितीतरी लहान, तरी ती अडते, कारण छिद्रावर बसलेला थरच नवा, बारीक फिल्टर बनतो. वरच्या उदाहरणात निम्मीच अँटिबॉडी बाहेर पडू लागली तर आतले प्रमाण वाढते आणि ब्लीडमध्ये जाणारा माल १३ वरून २४ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून रोज दोन सॅम्पल: एक आतले, एक फिल्टरबाहेरचे. त्यांचे गुणोत्तर ०.९ च्या खाली उतरू लागले की मी कारण शोधायला लागतो. दाब वाढेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो.

कारणे बहुधा दोन. पहिले, मेलेल्या पेशी, ते झाले. दुसरे, अँटिफोम. सिलिकॉनचे अँटिफोम फिल्टरवर तेलासारखे बसते. तुमच्याकडे फेस का झाला असेल, याचा माझा अंदाज ऑक्सिजनकडे जातो, म्हणून थोडे त्याविषयी.

एक सीएचओ पेशी तासाला साधारण ०.३ पीकोमोल ऑक्सिजन खाते असे धरा. ६५ मिलियनला ते लिटरमागे तासाला २० मिलिमोलच्या जवळ जाते. हवेने भरलेल्या पाण्यात लिटरला जेमतेम ०.२ मिलिमोल ऑक्सिजन मावतो, आणि आपण तर ४० टक्क्यांवर धरतो. म्हणजे पुरवठा थांबला तर आतला साठा पंधरा सेकंदांत संपेल. पंधरा सेकंद! फेड-बॅचची सवय असलेल्या माणसाला हे खरे वाटत नाही. नुसत्या हवेने एवढी भूक भागवणे पाच लिटरच्या काचेच्या भांड्यात जवळजवळ अशक्य, म्हणून शुद्ध ऑक्सिजन, म्हणून बारीक छिद्रांचा स्पार्जर, म्हणजे बुडबुडे सोडणारी नळी. बारीक बुडबुड्यांनी ऑक्सिजन चांगला विरघळतो, पण दोन रोग मागे लागतात. एक, फेस. दुसरा कमी दिसणारा: बारीक बुडबुडे कार्बन डायऑक्साइड बाहेर नेत नाहीत. तो आत साचतो, पीएच खाली ओढतो, तुम्ही पीएच सावरायला बेस घालता, त्याने ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रवात विरघळलेल्या क्षारांचे वगैरे प्रमाण, चढते आणि पेशी आणखी त्रासतात. मी बारीक स्पार्जरबरोबर एक साधी, मोठ्या भोकांची नळीही ठेवतो आणि तिच्यातून थोडी हवा सतत सोडतो, केवळ कार्बन डायऑक्साइड हाकलायला. त्याची पातळी १०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊ देत नाही. अँटिफोम लागलेच तर थेंबाथेंबाने, ठरावीक वेळांना नाही, फेस दिसल्यावर. पेशींची संख्या आधी ठरवायची म्हणतो त्याचे हेही कारण आहे. मीडियमच्या आधी ऑक्सिजनच कमी पडतो.

पंधरा सेकंदांवरून आठवले. आपल्याकडचा पावसाळा. गोव्यात जुलैमध्ये वीज जाते हे सांगायला तज्ज्ञ नको. एका रात्री दोनच्या सुमारास वीज गेली, माझा रन सतराव्या दिवसात होता. रिॲक्टरचा कंट्रोलर, ढवळणारी मोटर, पंप सगळे यूपीएसवर होते. मी निर्धास्त होतो. एटीएफचा पडदा मात्र दाबाच्या हवेवर आणि व्हॅक्यूमवर चालतो, आणि ती हवा देणारा कॉम्प्रेसर इमारतीच्या मागच्या शेडमध्ये, साध्या लाइनवर. जनरेटर पकडायला पंचवीस मिनिटे लागली. तेवढा वेळ फायबरमध्ये अडकलेल्या पेशी ऑक्सिजनशिवाय उभ्या. वीज आल्यावर त्या परत रिॲक्टरमध्ये गेल्या, आलेखावर काहीच दिसले नाही, सकाळी सगळे हिरवे. दोन दिवसांत व्हायबिलिटी ९६ वरून ९१ वर आली, फिल्टरचा दाब दुप्पट झाला आणि एकोणिसाव्या दिवशी रन आटोपता घ्यावा लागला. चूक माझीच. यादी करताना विजेवर चालणारी यंत्रे लिहिली, हवेवर चालणारी लिहिली नाहीत. आता कॉम्प्रेसर यूपीएसवर आहे आणि शेजारी नायट्रोजनचा एक सिलिंडर जोडून ठेवला आहे. तुम्ही तुमच्या शेडमध्ये आजच जाऊन बघा.

मोजण्याविषयी. संख्या स्थिर ठेवायची तर ती माहीत हवी. पैसे असतील तर कपॅसिटन्स प्रोब घ्या. जिवंत पेशीचे आवरण विजेच्या क्षेत्रात भारित होते, मेलेलीचे होत नाही, म्हणून तो जिवंत पेशीच मोजतो आणि त्याच्या इशाऱ्यावर ब्लीडचा पंप आपोआप चालवता येतो. पैसे नसतील तरी अडत नाही. मी तीन वर्षे सकाळ-संध्याकाळ ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींना चढणारा निळा रंग) मोजून हाताने ब्लीड बदलत होतो. एवढे मात्र करा: पंपावर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पेरिस्टाल्टिक पंपाची नळी दाबून दाबून मऊ पडते आणि तीन आठवड्यांत प्रवाह नकळत बदलतो. मीडियमची पिशवी, हार्वेस्टची (फिल्टरमधून बाहेर आलेल्या द्रवाची) पिशवी आणि ब्लीडची बाटली तिन्ही वजनकाट्यांवर ठेवा, रोज वजनांवरून खरा प्रवाह काढा. आत आलेले आणि बाहेर गेलेले जुळले नाही तर रिॲक्टरची पातळी सरकत असते. रिॲक्टर स्वतः काट्यावर ठेवणार असाल तर लक्षात असू द्या की एटीएफच्या प्रत्येक झोक्याला वजन वरखाली होते. दोन-तीन मिनिटांची सरासरी घ्यायला कंट्रोलरला सांगा, नाहीतर तो प्रत्येक लाटेमागे पंप पळवत बसेल.

आणि तो पेशीमागचा वाटा कसा काढायचा? संख्या, तापमान सगळे स्थिर झाले की प्रवाह १० ते १५ टक्क्यांनी कमी करायचा आणि तीन दिवस काहीच करायचे नाही. व्हायबिलिटी, लॅक्टेट, अमोनिया आणि पेशीमागचे उत्पादन बघायचे. टिकले तर आणखी कमी. कुठेतरी उत्पादन कचरते, बहुधा व्हायबिलिटी पडायच्या आधी. तिथून एक पायरी वर जाऊन थांबायचे. या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतात आणि बघणाऱ्याला वाटते की हा माणूस काहीच करत नाही. साहेबांना तसे आधीच सांगून ठेवा. माझा अनुभव असा की परफ्युजन बिघडते ते बहुतेक वेळा हात शिवशिवल्यामुळे. सकाळी ग्लुकोज थोडे कमी दिसले म्हणून प्रवाह वाढवला, संध्याकाळी पेशी जास्त दिसल्या म्हणून ब्लीड वाढवला, दुसऱ्या दिवशी दोन्ही परत. बदलाचा परिणाम पूर्ण दिसायला दोन-तीन दिवस जातात, मधल्या काळातले आकडे अर्धवट असतात.

आता साहेबांसाठी. तुम्ही विचारले नाही, पण विचारायला हवे होते: तुम्हाला परफ्युजन खरोखर हवे आहे का? हे प्रथिनावर अवलंबून आहे. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारा फॅक्टर आठ नाजूक असतो, ३७ अंशांच्या कल्चरमध्ये चौदा दिवस ठेवला तर हाती फारसे काही लागणार नाही. म्हणून बायर कंपनीने तो बीएचके पेशींत (हॅमस्टरच्याच, पण मूत्रपिंडातल्या) सतत परफ्युजनने बनवला: बनला की काही तासांत बाहेर, थंडाव्यात. इन्फ्लिक्सिमॅब या संधिवातावरच्या अँटिबॉडीच्या मूळ औषधाच्या माहितीपत्रकातही पेशी सतत परफ्युजनने वाढवल्याचे लिहिलेले आहे. म्हणजे ही काही आजची फॅशन नाही. पण तुमची अँटिबॉडी धट्टीकट्टी आहे, फेड-बॅचमध्ये चौदा दिवस सुखाने बसते.

मग राहतो आकड्यांचा प्रश्न. तुमच्या क्लोनची पेशी दिवसाला साधारण २० पीकोग्रॅम बनवत असेल, ३ ग्रॅमवरून तसे वाटते. ५० मिलियनला ते लिटरमागे दिवसाला १ ग्रॅम. फेड-बॅचमध्ये साफसफाईसकट सतरा दिवसांना ३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ०.१८. त्याच भांड्यातून पाचपटीहून जास्त माल, साहेब खूश होणारच. आता मीडियम बघा. फेड-बॅचला फीड धरून लिटरमागे १.३ लिटर, म्हणजे ग्रॅमला अर्ध्या लिटरहून कमी. परफ्युजनला ग्रॅमला दीड लिटर, ब्लीडमधला तोटा वेगळा. तीस दिवसांच्या रनला, सुरुवातीचे वाढीचे दिवस सोडले तरी, दीडशे लिटरहून जास्त मीडियम विरघळवायचे, गाळायचे, थंड ठेवायचे. तुमच्याकडे शीतखोली आहे की औषध कंपनीच्या कॅन्टीनमधला फ्रिज? तुमची अडचण रिॲक्टरची जागा असेल तर परफ्युजन घ्या. अडचण मीडियमच्या बिलाची असेल तर घेऊ नका. मधला रस्ताही आहे. परफ्युजन फक्त सीडच्या शेवटच्या पायरीला करा, तिथे पेशी दाट करून घ्या, आणि फेड-बॅच अर्ध्या मिलियनऐवजी ५ ते १० मिलियनने सुरू करा. वाढीचे चार-पाच दिवस वाचतात, एटीएफ वाया जात नाही, आणि सहा-सात दिवसांच्या परफ्युजनमध्ये बिघडायला फारसा वेळही मिळत नाही. तुमच्या जागी मी असतो तर पहिले वर्ष हेच केले असते.

जंतूंबद्दल थोडेच लिहितो, कारण स्वच्छता तुम्हाला शिकवायची गरज नसावी. फेड-बॅच चौदा दिवस निर्जंतुक राहिली म्हणून परफ्युजन तीस दिवस राहील असे नाही. तिथे सारख्या पिशव्या बदलतात, सारख्या जोडण्या होतात. आणि विषाणूचे तर विचारूच नका. २००९ मध्ये जेन्झाइमच्या बोस्टनमधील ऑलस्टन कारखान्यात व्हेसिव्हायरस २११७ सापडला, उत्पादन बंद ठेवावे लागले आणि गोशे व फाब्री या दुर्मीळ आजारांच्या रुग्णांचे औषध जगभर तुटले. शेकडो लिटर मीडियम आत जाते तेव्हा त्यातून काहीतरी आत येण्याची संधीही तितकी वाढते. मोठ्या प्रमाणावर गेलात तर मीडियमला काही सेकंदांची उष्णता किंवा विषाणू अडवणारा फिल्टर लागेल. आत्ता पाच लिटरला एवढेच करा: पुठ्ठ्याची खोकी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उघडा. पावसाळ्यात आपल्याकडे आठ दिवसांत खोक्यांवर बुरशीची लव येते. मी एकदा खोके हातात धरून आत येणाऱ्या ट्रेनीच्या काळ्या टी-शर्टवर ती पांढरी पूड पाहिली आहे.

नियमांचे एक वाक्य. ‘संपतच नाही त्या रनचा बॅच नंबर काय?’ हा तुमच्या क्वालिटीवाल्यांचा प्रश्न रास्त आहे, पण अवघड नाही. आयसीएचचे (औषधांचे नियम जुळवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) क्यू१३ हे सतत उत्पादनाविषयीचे मार्गदर्शन नोव्हेंबर २०२२ मध्ये पक्के झाले, त्यानुसार बॅच वेळेवरून किंवा मालाच्या प्रमाणावरून ठरवता येते. मी पाच-पाच दिवसांचे हार्वेस्ट एक बॅच धरतो. गडबड झाली तर पाच दिवसांचा माल अडकतो, महिन्याचा नाही.

पुढचा रन असा लावून बघा: लक्ष्य ४० मिलियन, वाटा ३०, म्हणजे प्रवाह १.२ व्हीव्हीडी. ३५ मिलियनला तापमान उतरवायला सुरुवात, ४० ला ब्लीड. पहिले दहा दिवस आकडा वाढवायचा मोह आवरा, कोणी कितीही म्हटले तरी. फिल्टर तोच चालेल, नवा मोठा घेऊ नका.

आणि तारीख बघून सुरू करा. आत्ता लावलात तर तीस दिवस चवथीत जाऊन पडतील, आणि चवथीला गोव्यात रिॲक्टरपाशी थांबायला माणूस मिळत नाही, तुम्ही स्वतःही माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला गावी असाल. मीडियमची पिशवी दर दोन दिवसांनी संपते. माझे ऐकाल तर गणपती पोचवून आल्यावर सोमवारी व्हायल काढा.